सभापतीच्या घरच्या दशम्या

झेंडूच्या शिळ्या हाराचा वास आला की मला मळमळतं. लोकांना तो देवाचा वास वाटतो, मला सत्काराचा वाटतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, पंचायत समितीची सभापती होती तेव्हा तिच्या घरी पोत्यानं हार यायचे. दारामागच्या खुंटीवर लटकत राहायचे, पाकळ्या काळ्या पडायच्या, चिलटं उठायची. मी फेकायला घेतले की आक्का म्हणायची, ‘राहू दे गं, हे रागावतात.’ हे म्हणजे दाजी, तिचे यजमान. हार तिच्या नावाचे आणि गळा दाजींचा, असा सगळा कारभार.

तालुक्याचं नाव लिहीत नाही. नांदेड आणि लातूरच्या मधे कुठंतरी आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर मला काही होणार नाही, मी लातूरला कॉलेजात शिकवते, माझा पगार माझ्या हातात येतो. पण आक्काला अजून तिथंच नांदायचंय.

आमचं माहेर हदगावकडचं. आक्का सातवीपर्यंत शिकली आणि घरी बसली. हुशार होती, माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. लोक विचारायचे, शाळा का सोडली, तर आई सांगायची, तिला आवडच नव्हती. धादांत खोटं. शाळेत पोरींना जायला जागा नव्हती. एक मोडकी भिंत होती, तिच्या पलीकडून रस्ता जायचा, आणि रस्त्यावरून पोरं मुद्दाम जायची. आक्का मोठी झाली आणि एके दिवशी रडत घरी आली, ती परत गेलीच नाही. मी तिच्या मागची, माझ्या वेळेपर्यंत शाळेतल्या बाईंच्या घरचा संडास आम्हाला मोकळा झाला होता, म्हणून मी शिकले. आमच्या दोघींच्या नशिबातला फरक हा असा एका दाराचा आहे.

तर दाजी. दाजींना राजकारणाची फार हौस. पण समितीच्या त्यांच्या गणातली, म्हणजे मतदारसंघातली, जागा बाईसाठी राखीव निघाली, म्हणून त्यांनी आक्काला उभं केलं. निवडून आली. मग सभापतिपदसुद्धा बाईसाठीच निघालं आणि आक्का सभापती झाली. पहिल्या दिवशी मी गेले होते बघायला. मोठ्या टेबलामागं गादीची खुर्ची होती, तिच्यावर पांढरा टॉवेल अंथरलेला, आणि त्या टॉवेलवर दाजी बसलेले. आक्का बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितला. लोक येत होते, दाजींना हार घालत होते, आणि आक्काला हात जोडून ‘वहिनी, चहा मिळंल का’ म्हणत होते. सभापतीला! शिपायाला नाही, सभापतीला!

शाली तर विचारूच नका. तीच एक शाल आज हिच्या अंगावर, उद्या तिच्या. दाजी ती घरी आणायचे आणि पुढच्या सत्काराला घेऊन जायचे. एका शालीवर तर कुणाच्या तरी पानाची पिचकारी वाळलेली होती, आणि ती तशीच घडी घालून पुन्हा एका सेवानिवृत्त गुरुजींना पांघरली. गुरुजींनी ती डोक्याला लावली.

आक्काला या सगळ्यातलं काहीच नको होतं. तिला एकच गोष्ट हवी होती. तिची पोरगी, माझी भाची, तेव्हा गावातल्या शाळेत सहावीला होती. शाळेत पोरींचा संडास बांधलेला होता, बरं का! भिंतीवर फुलपाखरं काढलेली, ‘स्वच्छता हाच देव’ लिहिलेलं. पण आत पाणी नाही, आणि दाराला कुलूप. कुलूप कशाला, तर पाहुणे आले की दाखवायला स्वच्छ राहावं म्हणून. किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. आता बारा वर्षांची पोर हेडमास्तरांपुढं जाऊन किल्ली मागंल का? भाचीनं त्यावर तिचा तिनं उपाय काढला. ती पाणीच प्यायची नाही. सकाळी आक्का बाटली भरून द्यायची आणि संध्याकाळी बाटली तशीच भरलेली परत यायची. दोनदा तिला ताप आला, लघवीला आग व्हायची, डॉक्टर म्हणाले पाणी पाजा. पाजा म्हणे!

आक्का रोज संध्याकाळी दप्तरातून ती बाटली काढायची, हलवून बघायची आणि मोरीत ओतून टाकायची. मी सुट्टीला गेले की मला ते बघवायचं नाही.

माझा विषय राज्यशास्त्र. बी.ए.च्या पोरांना मी वेगवेगळ्या देशांचे कारभार शिकवते. त्यात वेल्सचा एक धडा येतो. लंडनचं मोठं सरकार आहे, त्यानं काही अधिकार खाली सोडलेत, म्हणून वेल्सचं आपलं लहानसं वेगळं सरकार आहे: शाळा, दवाखाने असलं बघणारं. त्या सरकारचा एक प्रमुख मला शिकवायला फार आवडतो. साधा माणूस. पक्षात वर्षानुवर्षं काम केलं, लोकांनी निवडून दिला, प्रमुख झाला, काही कामं केली, काही फसली. शेवटी दिवस फिरल्यावर खुर्ची सोडली आणि त्याच सदनात मागच्या बाकावर साधा सभासद म्हणून जाऊन बसला. एवढीच त्याची गोष्ट. पोरं जांभया देतात. पण आक्काला मी एकदा भाकरी थापताना ही गोष्ट सांगितली, तर तिनं तवा उतरवून ठेवला.

‘म्हंजे माझ्यावानीच की गं. वरच्यांनी सोडलेलं तेवढं आपलं.’

‘तसंच.’

‘त्याच्या मेंबरांना कुणी सहलीला न्हेलं न्हाई?’

‘नाही गं बाई. तिकडं तसलं नसतं.’

‘आन् त्याची बायको काय करायची?’

मी म्हटलं, पुस्तकात बायकोबद्दल एक ओळ नाही. आक्का हसली. म्हणाली, ‘मग मधी मधी करत नसंल. शहाणी असंल.’ तेव्हापासून तो वेल्सचा माणूस आमच्या बोलण्यात यायला लागला. फोनवर ती विचारायची, काय म्हणतोय तुझा वेल्सवाला? जसा काही माझा दीरच.

सहलीचं आता सांगायलाच पाहिजे. आमच्याकडे समितीत महत्त्वाचं मतदान आलं की मेंबरांना सहलीला नेतात. म्हणजे उचलतात आणि लांब कुठंतरी हॉटेलात नेऊन ठेवतात, दुसऱ्यांनी फोडू नये म्हणून. फोन काढून घेतात. खायला प्यायला घालतात, प्यायला जास्तच. मतदानाच्या दिवशी थेट सभागृहापुढं गाड्या थांबतात आणि ही मंडळी गॉगल लावून उतरतात. लोकांनी निवडून दिलेली माणसं, आणि त्यांना शेरडासारखं कोंडून ठेवायचं! वर्तमानपत्रं तर कौतुकानं लिहितात, अमुक गटाचे सदस्य सहलीवर रवाना. देवदर्शनाचं नाव पुढं असतंच, म्हणजे बायकांच्या घरचे सोडतात.

आणि आमच्या भागातला एक रिवाज आहे. सहलीची पहिली शिदोरी नेत्याच्या घरून जाते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. ती शिदोरी खाल्ली की माणूस त्या घराचा झाला असं धरतात. खाल्ल्या मिठाला जागायचं, एवढीच काय ती त्या धंद्यातली शपथ.

सभापती होऊन वर्ष उलटलं तेव्हा आक्का पहिल्यांदा सभेत बोलली. समितीच्या स्वतःच्या फंडातून तालुक्यातल्या शाळांमधे पोरींच्या संडासांना पाणी आणायचं, टाक्या बसवायच्या, कुलपं काढायची, असा ठराव तिनं मांडला. तो तिनं माझ्याकडून लिहून घेतला नाही, स्वतः लिहिला. मेंबरांची तोंडं वाकडी झाली. त्यांना त्या पैशातून पेव्हर ब्लॉक पाहिजे होते. प्रत्येक गावात, प्रत्येक शाळेच्या अंगणात, लाल-पिवळे ब्लॉक. ब्लॉकचा ठेकेदार दाजींच्या रोजच्या बैठकीतला. एका मेंबरनं तर उभं राहून विचारलं, ‘वहिनी, ब्लॉकवर नारळ फोडता येतो. संडासाचं उद्घाटन कसं करायचं? फीत कुठं बांधायची?’ सगळे खो खो हसले. असल्या माणसाला लोक साहेब म्हणतात. थू!

ठराव पुढच्या सभेवर ढकलला. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिताना दाजी आक्काला म्हणाले की आता राजीनामा दे. त्यांचं आधीच ठरलेलं होतं, अर्धा काळ आपला आणि अर्धा दुसऱ्या गटाच्या पुढाऱ्याच्या सुनेचा. बदल्यात दाजींना बाजार समितीवर घेणार होते. आक्काला यातलं कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, ‘देते की. मला काय ती खुर्ची उरावर न्यायचीय? तेवढा ठराव होऊ द्या, त्याच दिवशी सही करते.’

दाजी गोड हसले. ‘बरं,’ म्हणाले. मला हे आक्कानं फोनवर सांगितलं तेव्हा मी उलट खूश झाले. म्हटलं, दाजी सुधारले. काय अक्कल माझी! राज्यशास्त्र शिकवते म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आक्काकडं गेले. सभा तोंडावर आली होती. दाजी म्हणाले, ‘तुझा ठराव पास करायचा म्हणलं तर माणसं फुटता कामा न्हाईत. समोरचे बोली लावून राहिलेत. सगळ्यांना माहूरला देवीला नेतो, तिथून पुढं दोन-चार दिवस फिरवतो, सभेला घेऊन येतो. तू दशम्या कर.’

आक्का हरखली. माझ्या बहिणीला मी इतकं खुशीत तिच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. सकाळीच दूध आणलं, पीठ चाळलं. मी शेंगदाणे भाजले, कुटले, लसूण सोलला, भाचीनं मिरच्या खुडल्या. आक्का दुधात पीठ मळत होती आणि आपल्याशीच बोलत होती, हिच्या गावात टाकी कुठं बसंल, त्याच्या गावात बोअर हाय का. दुपार झाली तरी चूल थंड झाली नव्हती. दशमी दुधातली असली की चार दिवस मऊ राहते, पण आच सांभाळावी लागते, जास्त भाजली की चामडं होते. आक्का एकेक हातानं दाबून बघत होती.

डबे भरताना दाजी स्वयंपाकघराच्या दारात आले. समितीत एक शिलाई मशीन चालवणारी ताई मेंबर होती, बौद्ध समाजातली, शेजारच्या गणातून निवडून आलेली. दाजी हळूच म्हणाले, ‘तिची शिदोरी तेवढी येगळी बांध. आपले काही लोक कुरकुर करतात.’

आक्कानं वर बघितलंसुद्धा नाही. ‘एकाच डब्यात जाईल. ज्याला नको त्यानं उपाशी बसावं.’ आणि झाकण लावून टाकलं. मला वाटलं, शाब्बास! सभापती झाली माझी बहीण.

गाड्या आल्या. आक्कानं बोनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला, डबे स्वतः आत ठेवले. ‘तू चल म्हणलं असतं,’ दाजी म्हणाले, ‘पण सभापतीनं तालुका सोडून चालत न्हाई.’ खिडकीतून मेंबर हात हलवत होते. एक जण ओरडला, ‘वहिनी, चटणी झणझणीत हाय ना?’ आक्का हसून म्हणाली, ‘खाऊन सांगा.’ धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्यात उभी होती.

दोन दिवसांनी दुपारी ताईचा फोन आला, मशीनवाल्या ताईचा. हॉटेलातल्या भांडी घासणाऱ्या बाईचा मोबाइल तिनं मागून घेतला होता. आक्का कपडे वाळत घालत होती, म्हणून फोन मी उचलला.

‘आक्का हायत का? त्यांना एक विचारायचंय. त्यांच्यावर अविश्वास आणायचा, आन् त्याला त्यांचीच संमती हाय, हे खरं हाय का?’

मला काही कळेना. ती पुढं बोलत राहिली. निघायच्या आधीच अविश्वासाच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. दाजी सांगत होते, बाईला खुर्चीचा कंटाळा आलाय, तिलाच उतरायचंय, पण राजीनामा दिला तर गावात बरं दिसत नाही, म्हणून हे असं. ‘आमी त्यांच्याच दशम्या खाऊन राहिलो बाई,’ ती म्हणाली, ‘मला घास गिळंना म्हून विचारलं.’

आक्का माझ्या मागं येऊन उभी होती. ओला टॉवेल हातात. तिनं फोन घेतला, ऐकलं, आणि म्हणाली, ‘न्हाई ताई. माझी संमती न्हाई.’ मग फोन ठेवला, टॉवेल झटकला आणि दोरीवर टाकला. मी शिव्या दिल्या, रडले, म्हटलं कुंपणानंच शेत खाल्लं गं आक्का! ती म्हणाली, ‘सगळ्या दशम्या माझ्याच हातच्या.’ एवढंच.

सभेची नोटीस तर आलीच होती, फक्त आम्हाला वाटलं ती ठरावाच्या सभेची. दाजींनी घेऊन कपाटात ठेवली होती आणि म्हणाले होते, सभेची हाय.

सभेला मी सभागृहाच्या व्हरांड्यात, खिडकीशी उभी राहिले. बाहेरच्यांना आत सोडत नव्हते. गाड्या आल्या. एकेक जण उतरला, डोळे सुजलेले, कपड्यांना कोंबडीचा आणि अत्तराचा वास. दाजी पुढच्या गाडीतून उतरले, मला बघितलं आणि म्हणाले, ‘काय बाईसाहेब, सुट्टी संपली न्हाई का?’ दात काढून! मी तोंड फिरवलं.

आत एक अधिकारी अध्यक्ष म्हणून बसले होते. अविश्वासाचा ठराव वाचला. आक्काकडं बघून म्हणाले, ‘आपल्याला काही बोलायचं आहे का?’

आक्का उठली. मला वाटलं, आता फोडून काढंल. पोरींचं सांगंल, पाण्याचं सांगंल. ती सगळ्यांकडं बघत हळू आवाजात म्हणाली, ‘दशम्या मऊ राहिल्या होत्या का?’

आणि मग तोच, फीत कुठं बांधायची विचारणारा, सवयीनं बोलून गेला, ‘लई मऊ होत्या वहिनी.’ शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. आक्का म्हणाली, ‘बरं झालं,’ आणि खाली बसली.

हात वर झाले. बाईच्या पदावर अविश्वास आणायला माणसं जास्त लागतात म्हणे, ती सगळी जमवलेलीच होती. मशीनवाल्या ताईचा हात शेवटी वर गेला, मान खाली. तिच्या नवऱ्याला ठेकेदाराकडं काम लागलं होतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मला तिचा इतका संताप आला की काय सांगू. बाकीच्यांकडून अपेक्षाच नव्हती. हिच्याकडून होती.

अधिकारी म्हणाले, ठराव मंजूर. आक्कानं आपल्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल घडी घालून टेबलावर ठेवला, आणि मागं जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसली. मेंबर तर ती होतीच अजून. मला वेल्सवाला आठवला, आणि त्याच्यावरही चीड आली. मागच्या बाकावर बसणं त्याला सोपं होतं. आक्काला संध्याकाळी घरी जाऊन त्याच माणसाला ताट वाढायचं होतं, आणि तिनं ते वाढलं. दाजींनी वरण मागून घेतलं. मी त्या घरात त्या दिवशी पाणीसुद्धा प्यायले नाही, लातूरची गाडी पकडून निघून आले.

पुढं जे व्हायचं तेच झालं. आक्काचा ठराव गेला केराच्या टोपलीत आणि शाळाशाळांत पेव्हर ब्लॉक आले. भाचीच्या शाळेतल्या ब्लॉकच्या उद्घाटनाला मी गेले, आक्कानं बोलावलं म्हणून. मांडव, फेटे, भोंगा. नव्या सभापतीबाई कोपऱ्यात आणि त्यांचे सासरे मधल्या खुर्चीवर. दाजी माइकवर, ‘चिखलमुक्त शाळा’ का कायसं. पोरी सकाळपासून नटवून स्वागतगीताला उभ्या केलेल्या. आक्का मेंबर म्हणून शेवटच्या खुर्चीवर, मी तिच्या मागं.

भाची रांगेतून निघून आक्काकडं आली. कानात काहीतरी म्हणाली. पोर रडवेली झाली होती. आक्का उठली, हेडमास्तरांपुढं हात पसरला. पाहुण्यांसमोर त्यांना नाही म्हणता येईना, किल्ली दिली. आम्ही तिघी मागं गेलो. कुलूप निघालं. दार काही उघडेना.

ब्लॉक टाकले तशी जमीन वर आली होती. दार बाहेर उघडायचं, आणि ते ब्लॉकला अडत होतं. वीतभर उंच ब्लॉक थेट उंबऱ्यापर्यंत बसवलेले, लाल-पिवळे, सुबक. मोजमाप घेणाऱ्यानं, बसवणाऱ्यानं, तपासणाऱ्यानं, फोटो काढणाऱ्यानं, एकानंसुद्धा ते दार उघडून बघितलं नव्हतं! उघडायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी कितीतरी घाण बघितलीय, पण त्या स्वच्छ झाडलेल्या ब्लॉकइतकी किळस मला कशाची आली नाही.

आक्का मांडवाकडं गेली. खांब रोवायला आणलेली पहार तिथं पडली होती, ती उचलून आणली. पदर खोचला आणि ब्लॉकच्या फटीत पहार घातली. ठण्ण. माइकवर दाजी, मागं ठण्ण. पुन्हा ठण्ण. माणसं वळून बघायला लागली. दाजी भाषण टाकून धावत आले, फेटा सावरत.

‘अगं अक्कल हाय का तुला? लोक बघून राहिलेत!’

‘बघू द्या.’

सभापतीबाईंचे सासरेही आले. ‘वहिनी, आत्ताच नारळ फुटलाय हो. सरकारी काम हाय, केस होईल.’

‘करा केस,’ आक्का म्हणाली. ‘माझ्या नावापुढं नवऱ्याचं नाव लिहायला इसरू नका.’ आणि पुढचा ब्लॉक उचकटला.

दार उघडलं. आत मोडकी बाकं, रंगाचे डबे, म्हणजे कुलूप स्वच्छतेसाठी नव्हतंच. आम्ही दोघींनी ते ओढून बाहेर काढलं. पाणी नव्हतंच. तेवढ्यात मेंबर म्हणून आलेली मशीनवाली ताई बादली घेऊन आली, मांडवात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पिंपातली भरून. आक्काकडं न बघता बादली आत ठेवली आणि पुन्हा भरायला गेली. भाची आत गेली. बाहेर आली तर तिच्या मागं दुसरी, तिसरी. स्वागतगीताची सगळी रांग मांडवातून उठून इथं आली. आक्का पहार घेऊन दाराशी उभी. मांडवात मास्तर पेटी वाजवत होते आणि गायला कुणी नव्हतं.

पण खुळ्यासारखं हरखून जाऊ नका. मीही गेले होते. केस कुणी केली नाही, लाज वाटली असंल. ब्लॉक पुन्हा बसवले, फक्त दार फिरण्यापुरती माती तशीच सोडली. ते पाव वर्तुळ म्हणजे माझ्या बहिणीच्या सगळ्या कारकिर्दीचं काम. आणि दाजींच्या वाढदिवसाच्या फलकावर त्या वर्षी लिहिलं होतं: ‘शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न मार्गी लावणारे नेतृत्व’. पाणी आलंच नाही. बादलीभर पाणी किती दिवस पुरणार, कुलूप पुन्हा लागलं.

यंदा निवडणुकीची हवा सुरू झाली तेव्हा मी आक्काकडं होते. भाची आता दहावीला आहे, त्याच शाळेत. दाजी अंगणात बाजेवर बसून तासभर बोलत होते: जागा पुन्हा बाईचीच निघणार, तू तयारी कर, झालं गेलं सोड, लोकांची तुला सहानुभूती हाय. मलाही म्हणाले, ‘तुमी समजवा बाईसाहेब.’ मी म्हटलं, ‘दाजी, माझ्याशी बोलू नका.’

भाची शाळेतून आली. आक्कानं नेहमीसारखं तिच्या दप्तरातून बाटली काढली. भरलेली. ती दाजींपुढं धरली.

‘आधी ही रिकामी येऊ द्या. मग माझं नाव लावा फलकावर.’

दाजींनी बाटलीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. बोलून बोलून घसा सुकला असणार. त्यांनी बाटली घेतली, टोपण काढलं, तोंड लावून गटागटा सगळी पिऊन टाकली आणि मिशा पुसल्या.

‘घे,’ म्हणाले, ‘केली रिकामी.’ आणि स्वतःच हसले.

भाचीनं त्यांच्या हातातून बाटली घेतली, मोरीत गेली, आणि बाटलीचं तोंड साबणानं घासत बसली. आम्ही जेवायला हाक मारली तरी ती घासतच होती.